सातव्या गाडीचं सोनं

एका राज्यात नदी होती, पण ती कोणी डोळ्यांनी पाहिली नव्हती. वर ऊन, उन्हाखाली वाळू आणि वाळूखाली खोल अंधारात ती वाहत असे. राज्यात पाणाडे होते. ते वाळूला कान लावून पाण्याची चाहूल घेत. ते बोट ठेवतील तिथे विहीर खणावी आणि पाणी लागावं, असा त्यांचा कान होता.

सगळं सुरळीत चाललेलं असताना राजा विरजसेनाला दुर्बुद्धी सुचली. आपली नदी पुढे शेजारच्या राज्यात जाते, हे त्याला खपेना. त्याने भृंगार नावाच्या मांत्रिकाला बोलावलं. मांत्रिकाने सात गाड्या सोनं मागून घेतलं आणि मंत्र घालून नदीच्या वाटेत सोन्याचा बांध उभा केला. नदी थांबली. पण थांबलेली नदी आपल्याही विहिरींना पाणी देत नाही, हे राजाला विचारायचं सुचलं नाही आणि मांत्रिकाने सांगितलं नाही. पुढे राजा गेला, मांत्रिक गेला, बांध कुठे होता ते सांगणारं कोणी उरलं नाही. विहिरी एकेक करून आटू लागल्या.

मग पाणाडे बांध शोधायला निघाले. सहा गेले, सहाही आले नाहीत. सातवा गेला तो गोमतीचा नवरा.

त्या लोकांची एक रीत होती. पाण्याच्या शोधात गेलेल्या माणसाचं नाव तो परत येईपर्यंत घ्यायचं नाही. घेतलं तर त्याची परतीची वाट पुसते, असं म्हणत. तो आलाच नाही, तर घरच्यांनी कधीतरी मन घट्ट करून त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं आणि ओंजळभर पाणी जमिनीवर सोडायचं. मग तो गेला असं समजायचं. सहा जणांच्या घरच्यांनी वर्षा-दोन वर्षांत ओंजळ सोडली. गोमतीने बारा वर्षं सोडली नाही. शेजारीण कस्तुरा एकदा समजावायला आली, तेव्हा गोमतीने तिला अंगणातूनच वाटेला लावलं. पुढे पुढे कोणी यायचंच बंद झालं. गोमती नवऱ्याची विद्या शिकली आणि रोज सकाळी वाळूला कान लावून पडू लागली. लोकांना वाटे, ही पाणी ऐकते. ती पावलं ऐकत होती.

राजधानीतली शेवटची विहीर तळाला गेली, तेव्हा विरजसेनाचा नातू राजा चित्रभानू स्वतः तिच्या दारी आला.

“बाई, राज्यात आता तुझ्याशिवाय पाणाडी नाही. जाशील?”

“जाईन, महाराज. पण सोनं आणायला सांगू नका.”

“सोनं पिता येत नाही, एवढं आम्हांला तीन पिढ्यांनी का होईना, कळलं आहे,” राजा म्हणाला.

गोमतीने पाण्याची बुधली खांद्याला लावली आणि ती निघाली. राज्यासाठी निघाली असं राजाला वाटलं. ती निघाली होती नवऱ्याला आणायला.

दुसऱ्या दिवशी वाटेत पखुर्डी भेटली. वाळूत राहणारा हा पक्षी छातीची पिसं भिजवून पिलांना पाणी नेतो. पखुर्डी म्हणाली, “बांध मला ठाऊक आहे. तीन कामं केलीस तर पोचशील. पहिलं, वाटेत कोरडी विहीर लागेल, तिच्यात तुझं अर्धं पाणी ओत. दुसरं, तिथून पुढे दुपारपर्यंत मागे वळून पाहू नकोस.”

“आणि तिसरं?”

“ते तिथे गेल्यावर कळेल. आज सांगितलं तर तू इथूनच माघारी जाशील.”

गोमतीने कोरड्या विहिरीत अर्धी बुधली ओतली. पाणी तळाला पोचल्याचा आवाजसुद्धा आला नाही. आपल्यासारखी खुळी दुसरी नसेल असं म्हणत ती पुढे झाली. मग वाळू हाका मारू लागली. आधी तिच्या आईच्या आवाजात, मग लहानपणीच्या मैत्रिणींच्या, मग कस्तुराच्या. गोमती वळली नाही. ज्या आवाजासाठी ती वळली असती, तो एकच आवाज त्यांत नव्हता. हे तिला सगळ्यांत जास्त लागलं.

दुपारी वाळूत पायऱ्या दिसल्या. ती उतरली. खाली नदी भिंतीसारखी उभी होती, हलत नव्हती. तिच्यापुढे सोन्याच्या विटांची एक रास होती, आणि राशीवर तिचा नवरा बसला होता. बारा वर्षांपूर्वी गेला तसाच, तितकाच तरुण. गोमतीचे केस मात्र पिकले होते.

“आलीस,” तो म्हणाला.

“आले. चला घरी.”

“उठता येत नाही. पाण्याला वाट करायला एक वीट सरकवली, तेवढ्यात सोन्याने धरून ठेवलं. ना तहान भागते, ना मरण येतं.” थोडं थांबून तो म्हणाला, “माझ्याआधी सहा जण असेच बसले होते. घरी कोणी त्यांचं नाव घेऊन ओंजळ सोडली की माणूस सुटायचा, आणि त्याच्याबरोबर एक गाडी सोन्याची माती व्हायची. आता ही सातवी राहिली.”

बारा वर्षं गोमतीने साऱ्या गावाशी वैर धरलं ते याला जपण्यासाठी. आणि तिनेच याला इथे तहानेला बसवून ठेवलं होतं.

“मला हाक का मारली नाही?” तिने विचारलं.

“रोज मारत होतो. हे पाणी आवाज वर जाऊ देत नाही. तू कान लावून पडतेस ते मात्र मला कळायचं. तेवढ्यावर दिवस जायचा.”

“मग मीही विटेला हात लावते. दोघं बसू. इतकी वर्षं एकटीने काढली, आता मला कोणाचं काही देणंघेणं नाही.”

“आणि आपलं नाव कोण घेईल?” तो म्हणाला. “तिकडे लोक तहानेने मरतील आणि आपण दोघं इथे पाण्यापाशी बसून राहू. तुला करमेल का, गोमती?”

ती ऊन कलेपर्यंत त्याच्याशेजारी बसली. शेळी व्यायली, छपराची एक बाजू खचली, कस्तुराच्या लेकीचं लग्न झालं, असं सगळं तिने त्याला सांगितलं. त्यानेही सगळं नीट ऐकून घेतलं. मग सांगण्यासारखं काही उरलं नाही.

गोमतीने बुधलीतलं उरलेलं पाणी ओंजळीत घेतलं. बारा वर्षांत ते नाव तिने मनातसुद्धा उच्चारलं नव्हतं. ती मोठ्याने म्हणाली, “सारंगधर.” आणि ओंजळ सोडली.

“गार आहे,” तो म्हणाला. एवढंच म्हणाला. मग राशीवर कोणी नव्हतं, आणि रास मातीची होती.

माती विरघळली. नदी हलली आणि जुन्या वाटेने चालू लागली. परतीच्या वाटेवर गोमतीच्या पावलांखाली पाणी वाजत होतं. ती कोरडी विहीर काठोकाठ भरली होती, तिथे ती पोटभर प्यायली. राज्यातल्या विहिरी भरल्या, शेजारच्याही भरल्या, आणि नदीवर यापुढे कोणाची मालकी नाही, असं राजा चित्रभानूने दगडावर कोरून ठेवलं. गोमतीला त्याने काय हवं म्हणून विचारलं. तिने काही मागितलं नाही.

ती परतल्यावर चौथ्या दिवशी सकाळी कस्तुरा दोन घागरी घेऊन अंगणात उभी राहिली. “विहिरीवर चाललेय. येतेस?” ती म्हणाली.

गोमती गेली. पायऱ्या उतरून तिने पाण्यात पाय सोडले, आणि बारा वर्षांत जी रडली नव्हती, ती तिथे बसून रडली. बायकांनी तिला समजावलं नाही. कस्तुराने तिची घागर भरून वर नेऊन ठेवली आणि परत येऊन तिच्याशेजारी बसली.