तोंड झाकून आणलेलं पिल्लू

फार मागची गोष्ट आहे. किती मागची, ते मला सांगता यायचं नाही. डोंगर तेव्हाही होते आणि त्यांच्या पायथ्याशी मेंढ्या चरत होत्या, एवढं ठाऊक आहे.

तिथं एक म्हातारा धनगर होता. बायको वारल्यापासून त्याच्या पालात बोलायला कुणी उरलं नव्हतं. तिच्या वहाणा तेवढ्या दाराशी होत्या, तिनं काढून ठेवल्या होत्या तशाच. रोज सकाळी तो त्या झटकायचा आणि परत तिथंच ठेवायचा.

टेकडीपलीकडच्या आक्काची कुत्री व्याली. म्हाताऱ्याच्या मनानं घेतलं, एक पिल्लू आपल्याला हवं. पायाशी निजायला, हाकेला धावत यायला.

आक्का म्हणाली, "दोन महिन्यांचं होऊ दे, दादा. आत्ता कुठं महिना भरलाय."

"तोवर ते तुझ्या कुत्रीचं होऊन बसेल. मला माझं हवंय."

"तुझ्या हट्टापुढं तुझ्या बायकोनं हात टेकले, मी कोण सांगणारी?" म्हणत आक्का आत गेली.

त्या मुलखात एक रीत होती. पिल्लू नेताना त्याचं तोंड घोंगडीत झाकायचं, म्हणजे त्याला परतीची वाट उमगत नाही. म्हाताऱ्यानं तसंच केलं. वर एका टेकडीला उगाच वळसाही घातला.

पहिले काही दिवस गोड गेले. मग पिल्लाचे दात हाताला लागायला लागले. बोट धरलं की रक्त काढूनच सोडायचं. म्हाताऱ्यानं नाकावर टिचकी मारली, तर त्याला तो खेळ वाटला. तोंडाला दोरी बांधली, तर सोडल्यावर ते दुप्पट चावलं.

एके दुपारी पिल्लानं दाराशी ठेवलेली एक वहाण कुरतडली. म्हातारा ओरडला नाही. अंगठा तुटलेली वहाण मांडीवर घेऊन दिवस कलेपर्यंत बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी पिल्लानं कोकराचा कान फाडला.

तळावरच्या धनगरांचा म्होरक्या आला. "आबा, अमावस्येला आपण तळ हलवणार. तोवर याचे दात आवरले तर ठीक, नाही तर हे आपल्याबरोबर चालायचं नाही. कोकराचा कान म्हणजे काय वहाण आहे?"

म्हातारा पिल्लू घेऊन आक्काकडं गेला. तिनं त्याची बोटं पाहिली.

"भाकरीऐवजी हातच दिलास होय रे खायला?"

"आक्का, याला एवढं चावायला शिकवलं कुणी?"

"चावणं ते पोटातनंच शिकून येतं. कुठं थांबायचं, ते आई आणि भावंडं शिकवतात. तू त्याच्या आधीच उचलून नेलंस. ठेव इथं आणि जा."

पाल पुन्हा रिकामं झालं. आधीपेक्षा जास्त रिकामं. म्हातारा रोज टेकडी चढायचा आणि लांब बाभळीखाली बसून पाहायचा.

पिल्लू भावाला जोरात चावलं की भाऊ केकाटायचा आणि पाठ फिरवायचा. खेळ तिथंच संपायचा. आईला चावलं की ती नुसती उठायची आणि दुसरीकडं जाऊन बसायची. मग पिल्लू मोकळ्या जागेकडं बघत एकटंच बसायचं. ते बसणं म्हाताऱ्याला चांगलं ओळखीचं होतं. थोड्या वेळानं ते हळूच आईजवळ सरकायचं. त्या खेपेला त्याचे दात मऊ असायचे.

त्याच्या हिरड्या शिवशिवतात, हेही म्हाताऱ्याला दिसलं. दिसेल ते काटूक ते चघळायचं. म्हाताऱ्यानं लोकरीचा जाड दोर वळला आणि त्याला गाठी मारल्या. वहाणा उचलून उंच खुंटीला टांगल्या. त्या खाली ठेवल्या होत्या आपणच, असं तो स्वतःशी म्हणाला.

अमावस्या आठ दिवसांवर आली तेव्हा आक्का म्हणाली, "ने आता. आणि तोंड झाक."

"राहू दे. बघू दे त्याला परतीची वाट."

वाटेत त्यानं पिल्लू खाली सोडलं. ते तीनदा थांबून मागं बघत राहिलं. म्हाताराही तीनदा थांबला.

पालात पोचल्यावर आनंदाच्या भरात पिल्लानं त्याचं बोट जोरात धरलं. "आई गं," म्हणून म्हातारा उठला आणि पालामागं गेला. ज्याची इतके दिवस वाट पाहिली, त्याच्याकडं पाठ करायची म्हणजे जिवावर आलं. पण तो गेला. परत आला तेव्हा पिल्लू कान पाडून बसलं होतं. त्यानं गाठींचा दोर पुढं केला. दिवसातनं दहादा असं उठावं लागायचं. मग पाचदा. मग एखादवेळी.

अमावस्येच्या सकाळी म्होरक्यानं ते कान फाटलेलं कोकरू पिल्लापुढं उभं केलं. पिल्लानं तोच कान तोंडात धरला. म्हातारा एक पाऊल पुढं सरकला. कोकरू मात्र खुशाल पाला चघळत राहिलं. कान सुटला तेव्हा फक्त ओला झाला होता.

"चल म्हणावं बरोबर," म्होरक्या म्हणाला.

पुढं दरवर्षी कळप त्या टेकडीवरनं जाताना कुत्रा आईकडं धावत सुटायचा. म्हातारा वाटेवर बसून राहायचा, कपाळावर आडवा हात धरून त्याची वाट बघत. संध्याकाळी कुत्रा आपसूक परत यायचा आणि त्याचा हात अलगद तोंडात धरायचा. दात लागत नसे.

म्हणून सांगतो बाळांनो, आपल्याला कितीही ओढ असली तरी लेकराला आईजवळ पुरतं शिकू द्यावं. उशिरा आलं म्हणून ते परकं होत नाही.