तेल इथं, पेंड कुठं?

एका घाटाच्या पायथ्याला एक बाई खानावळ चालवायची. नाव तिचं कोंडाबाई, पण गाडीवानांपासून कोतवालापर्यंत सगळे तिला कोंडाक्का म्हणायचे. घाट चढायच्या आधी गाडीवान तिथं बैलं सोडायचे, पुरी-भाजी आणि कांद्याची भजी खायचे, आणि मग वर निघायचे. तिच्या भज्यांचं नाव पार घाटमाथ्यापर्यंत होतं. हे मी वाढवून सांगत नाही, वाढवून सांगायची मला सवय नाही.

वीस वर्षं तिच्याकडं एकाच म्हाताऱ्या घाणेवाल्याकडून शेंगदाण्याचं तेल यायचं, महिन्याला दहा डबे. पण म्हाताऱ्याची नजर गेली आणि तो लेकीकडं राहायला गेला. जाताना म्हणाला, "अक्का, आता नवा माणूस बघा." बघा म्हणायला काय जातं? जत्रा पंधरा दिवसांवर आली होती आणि घरात दोनच डबे उरले होते.

बातमी फिरली आणि दोघेजण आले.

पहिला तालुक्याचा शेट. त्याच्या गाडीच्या बैलांना घुंगरं, अंगात रेशमी कोट, आणि बोलणं असं गोड की साखर लाजावी. वर तो पाटलाचा सख्खा मेहुणा, पाटलाची बहीण त्याला दिलेली. आणि खानावळ उभी होती पाटलाच्या जागेत. शेट म्हणाला, "अक्का, अस्सल शेंगदाण्याचं तेल. म्हाताऱ्यापेक्षा स्वस्त. म्हणाल तेवढे डबे, म्हणाल त्या दिवशी."

दुसरा पलीकडच्या गावचा घाणेवाला. कपड्यांवर तेलाचे डाग, दाढी आठवड्याची. तो म्हणाला, "महिन्याला सहा डब्यांच्या वर जमायचं नाही. बैल एकच आहे. भाव म्हाताऱ्यापेक्षा जास्त पडेल. पटलं तर घ्या, नाहीतर राम राम."

त्या गावात तेल पारखायची एक रीत होती. चारचौघांसमोर कढई ठेवायची, विकणाऱ्याचं तेल ओतायचं आणि एक पुरी सोडायची. पुरी टम्म फुगली की तेल चांगलं. आजोबांपासून सगळे असंच करत आले होते, आणि आजोबांना विचारायची सोय नव्हती.

दोन चुली पेटवल्या. कोंडाक्काच्या सुनेनं, सगुणानं, पुऱ्या लाटल्या. शेटच्या तेलात पुरी चेंडूसारखी फुगली. घाणेवाल्याच्या कढईखालचं लाकूड ओलं निघालं. तेल नीट तापलंच नाही, थोडा फेस आला आणि पुरी चपटीच राहिली. लोक हसले. कोणीतरी म्हणालं, "हातच्या काकणाला आरसा कशाला? शेटचं तेल घ्या अक्का."

कोंडाक्का मात्र हसली नाही. ती म्हणाली, "दोन्ही पुऱ्या माझ्या सुनेनं लाटल्या. एकीला जाळ मिळाला, दुसरीला नाही मिळाला. यात तेलाचं मला काय कळलं? चार दिवस द्या, मग सांगते."

लोकांना हा शहाणपणा जास्तच वाटला. शेट म्हणाला, "घ्या की चार दिवस," आणि पाटलाच्या वाड्याकडं वळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडाक्का म्हशीला पेंड घालत होती. ताकासाठी एक म्हैस होती तिच्याकडं. पेंड म्हणजे दाण्यातून तेल निघाल्यावर मागं उरतो तो चोथा, गुरांचं आवडतं खाणं. पेंडेचा खडा हातात घेऊन ती तशीच उभी राहिली. म्हैस दावं ओढायला लागली तरी हिचं लक्ष नाही.

"आत्याबाई, काय झालं?" सगुणानं विचारलं.

"अगं, एक डबा तेल काढलं की डब्याहून जड पेंड मागं राहते. शेट महिन्याला शेकडो डबे विकतो. मग त्याची पेंड जाते कुठं?"

मंगळवारी बाजार होता. कोंडाक्का गवळ्यांच्या रांगेत शिरली आणि एकेकाला विचारत सुटली, "पेंड कुणाकडून घेता?" कोणी त्या फटकळ घाणेवाल्याचं नाव सांगितलं, कोणी आणखी दुसऱ्या घाणेवाल्याचं. शेवटी एका म्हाताऱ्या गवळ्याला तिनं सरळच विचारलं, "आणि शेटकडून?"

"शेटकडून?" गवळी म्हणाला. "पन्नास वर्षं म्हशी पाळतोय अक्का. त्याच्या घरातून मूठभर पेंड बाहेर पडलेली मी पाहिली नाही."

म्हणजे शेटकडं शेंगदाणा कधी गाळलाच जात नव्हता. दुसऱ्या घाण्याचं तेल विकत घेऊन आणलं असतं, तर म्हाताऱ्यापेक्षा स्वस्त देणं त्याला परवडलं नसतं. कुठून कुठून आलेलं, शिळं, कसलं कसलं तेल एकत्र करून तो शेंगदाण्याचं म्हणून विकत होता.  कोंडाक्काच्या डोळ्यांपुढं आले तिचे गाडीवान. घाटात एखाद्याला उलटी झाली, हातातला कासरा सुटला, तर गाडी बैलांसकट दरीत.

संध्याकाळी पाटलांनी बोलावणं पाठवलं. "कोंडाबाई," ते म्हणाले, "मेहुण्याचं तेल घ्यायचं. घरचा माणूस आहे. आणि जागा कोणाची आहे ते मी सांगायला नको."

"पाटील, त्या तेलात शेंगदाणा नाही."

"लोक खातात, कोण मेलंय?"

"मरायची वाट बघून मग तेल बदलू का?" कोंडाक्का म्हणाली. "मी ते कढईत घालणार नाही."

"मग उद्या जागा मोकळी कर."

घरी आल्यावर सगुणा रडायलाच लागली. "आत्याबाई, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? जत्रा तोंडावर आलीय. जागा गेली तर आपण खायचं काय?"

कोंडाक्कालाही भीती वाटत होती. तिनं ती लपवली नाही. "मलाही धडधडतंय गं," ती म्हणाली. "पण आपल्या भरवशावर माणसं घाट चढतात. भांडी बांध."

त्या म्हाताऱ्या गवळ्यानं ओढ्यापलीकडचा आपला माळ दिला. तिथं चार बांबू रोवले, वर झाप टाकले आणि चूल पेटली. तेल घाणेवाल्याचं ठरलं, महिन्याला सहा डबे. सहा डब्यांत रोज तळण होत नव्हतं, म्हणून कोंडाक्कानं ठरवलं की पुरी-भजी फक्त बाजारच्या दिवशी आणि जत्रेत. एरवी भाकरी, पिठलं, ठेचा आणि ताक. गाडीवान कुरकुरले. काहीजण ओढा ओलांडायचा कंटाळा करून येईनासे झाले. पहिल्या आठवड्यात निम्म्या भाकऱ्या उरल्या आणि सासू-सुनांनी त्याच खाल्ल्या.

इकडं जुन्या जागेत शेटनं स्वतःचीच खानावळ थाटली. जत्रेला परातीच्या पराती भजी. लोक तुटून पडले. पाटलांना तर मेहुण्यानं मानानं पहिल्या पंगतीला बसवलं, आणि आग्रह करकरून वाढलं.

दोन दिवसांत गावात खोकल्याची साथ आल्यासारखं झालं. कोणाचा घसा बसला, कोणाच्या पोटात कळा. एक गाडीवान घाटाच्या पहिल्याच वळणावर वाकून ओकायला लागला. मागच्या गाडीवाल्यानं उडी टाकून बैलं धरली म्हणून तो वाचला.

तिसऱ्या दिवशी दुपारी ओढ्यापलीकडं ही रांग लागली. रांगेच्या टोकाला उपरणं तोंडावर ओढून पाटील उभे होते. घसा इतका बसला होता की आवाज फुटत नव्हता, आणि पोटात दोन दिवस अन्न ठरत नव्हतं. कोंडाक्काकडं पेज मिळते असं कळलं म्हणून आले होते.

तेवढ्यात शेटची बायको जेवणाचे रिकामे डबे घेऊन आली. साधी बाई, तिनं इकडं तिकडं पाहिलंच नाही. "अक्का, घरी पाहुणे आलेत. दहा जणांचं जेवण बांधून द्या."

रांगेतला एकजण म्हणाला, "वहिनी, तुमची स्वतःची खानावळ आहे की."

"आहे," ती म्हणाली. "पण हे म्हणाले, कुठूनही आण, आपल्या खानावळीतलं घरात आणू नको. ते तेल आमच्या घरात आम्ही कधीच वापरत नाही. घरच्या माणसांना कोण घालेल?"

 मग तिची नजर वळली. "दादा, तू? तू का उभा इथं?"

पाटलांनी बोलायला तोंड उघडलं, पण घशातून नुसती खरखर आली. डोळ्यांत पाणी आलं, ते खोकल्याचं होतं की कशाचं, कोण सांगणार? मेहुण्यानं मानाच्या पंगतीला बसवून आपल्याला काय वाढलं, आणि आपण त्याच्यासाठी कोणाची चूल उठवली, हे त्यांना बहिणीच्या तोंडून कळलं.

सगुणाच्या जिभेवर टोमणा तयार होता. कोंडाक्कानं नुसतं तिच्याकडं पाहिलं. मग पाटलांना सावलीत बसवलं, गरम पेजेची वाटी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, "आधी हे प्या. जागेचं बोलणं घसा सुटल्यावर करू."

तात्पर्य, लहानांना आणि मोठ्यांनाही: माल विकणारा काय दाखवतो ते बघू नका, तो स्वतःच्या घरात काय शिजवतो ते विचारा. आणि एकदा खरं कळलं की जागा गेली तरी बेहत्तर, दुसऱ्याच्या ताटात खोटं वाढू नका.