रिकाम्या गोलासमोरची निवड

एकदा एका वृद्ध प्रशिक्षकाने निवड चाचणी ऐन रंगात आली असताना शिट्टी वाजवली, दोन्ही बाजूंच्या गोलकीपरांना हात करून मैदानाबाहेर बोलावले आणि "चालू द्या" म्हणत खेळ पुढे सुरू केला. दोन्हीकडचे गोल सताड उघडे. कठड्यावर बसलेली मंडळी आधी हसली आणि मग बुचकळ्यात पडली. सर्वांत जास्त गोंधळला तो प्रशिक्षकांचा शिष्य, कारण त्या चाचणीवर त्याने दिलेला एक शब्द टांगलेला होता.

ते शहर फुटबॉलवेडे. तिथे पेठेपेठेला तालीम आहे आणि तालमीतालमीचा फुटबॉल संघ आहे. मुळात कुस्तीचे गाव असल्याने फुटबॉल शिकवणाऱ्यालाही लोक वस्तादच म्हणतात. आपले हे वस्ताद एका जुन्या महाविद्यालयाचा संघ कित्येक वर्षे घडवत आलेले. शिष्याचे नाव धैर्यशील. त्यांच्याच हाताखाली खेळलेला, पुढे रीतसर प्रशिक्षणाची पदवी घेऊन साहाय्यक म्हणून परत आलेला. वस्तादांचे वय झाले होते आणि त्यांच्यामागे संघ धैर्यशीलच सांभाळणार, यात कोणाला शंका नव्हती.

वस्तादांच्या संघाचा लौकिक बचावासाठी होता, आणि तो बचाव शहरातल्या इतरांपेक्षा वेगळा होता. तालमींच्या सामन्यात बचावाची रीत सोपी असते, ज्याचा माणूस त्याने धरायचा. मग गोल झाला की बचावपटू एकमेकांकडे बोट दाखवतात. "माझा माणूस नव्हता त्यो," हे वाक्य मी स्वतः त्या कठड्यावरून अनेकदा ऐकले आहे. गंमत अशी, की ते बहुतेक वेळा खरेच असते. गोल मात्र होऊन गेलेला असतो.

वस्तादांनी आपल्या संघातून हे वाक्यच हद्दपार केले होते. त्यांच्या बचावफळीत कोणालाही स्वतःचा असा माणूस नसे. चेंडू ज्याच्या अंगावर येईल त्याने पुढे व्हायचे. त्याच्या शेजारच्याने त्याच क्षणी मागे सरकून त्याची पाठ घ्यायची. उरलेल्या दोघांनी आत ओढून यायचे. चेंडू मैदानाच्या पलीकडच्या अंगाला गेला की सगळी ओळ तिकडे सरकायची, दोरीला बांधल्यासारखी. पुढे गेलेला फसला तरी त्याच्या मागे कोणीतरी उभा असायचाच. पाहणाऱ्याला हा खेळ अगदी बेचव वाटे. धावत येऊन जमिनीवर घसरत चेंडू हिसकावणाऱ्याला शिट्ट्या मिळतात. योग्य जागी नुसत्या उभ्या राहिलेल्या माणसासाठी आजवर कोणी टाळी वाजवल्याचे मी पाहिलेले नाही.

अशा रचनेला माणसेही तशीच लागतात. इतर महाविद्यालयांचे प्रशिक्षक मोठमोठ्या स्पर्धांत गाजलेली नावे हेरत. वस्ताद मात्र तालुक्याच्या मैदानांवर जाऊन हरणाऱ्या संघाच्या गोलमागे बसत. जिंकताना सगळेच गुणी दिसतात, त्यात कोणाची पारख होणार, असे त्यांचे म्हणणे. हरत्या संघात, सामना हातचा गेल्यावरही मागे धावत येणारा कोण आहे, तेवढे ते पाहत आणि त्याचे गाव विचारून घेत.

त्या वर्षी बचावाच्या मधोमध एक जागा रिकामी झाली होती. ती भरायची म्हणून ही चाचणी.

आता शब्दाचे. धैर्यशील ज्या पेठेत वाढला, त्या पेठेचा लाडका खेळाडू म्हणजे ऋतुराज. उंचापुरा, धाडसी, अंगाने भरलेला. त्याच्या झेपा पाहायला माणसे दुकाने शेजाऱ्यावर सोपवून येत. तालमीचे कारभारी आबा हे त्याचे सख्खे काका. चहाच्या गाड्यावर त्यांनी धैर्यशीलच्या खांद्यावर हात ठेवून विचारले होते, "आपल्या पोराचं बघशील न्हवं?" आणि धैर्यशीलने चारचौघांत सांगून टाकले होते, "काळजी सोडा आबा. मधली जागा ऋतुराजचीच." त्याला ऋतुराज खरोखरच सर्वांत चांगला वाटत होता, हेही सांगायला हवे. पण आता तो शब्द मोडला तर ज्या पेठेत लहानाचा मोठा झाला तिथे मान वर करून चालणे कठीण होते.

समोर उमेदवार होता सन्मती चौगुले. नदीकाठच्या एका गावचा, वस्तादांनी अशाच कुठल्याशा पराभूत संघातून उचललेला. पायांत वेग बेताचा आणि दिसण्यात काही विशेष नाही.

गोलकीपर मैदानावर होते तोवर चाचणी एकतर्फी वाटत होती. ऋतुराज बहरात होता. चेंडू दिसला की तो झेपावे, हवेतला चेंडू डोक्याने परतवी, आणि पेठेची मंडळी कठडा दणाणून सोडीत. आबांनी तर दोनदा फेटा सारखा केला. पलीकडच्या बाजूला सन्मती काय करतो आहे, हे पाहायला कोणालाही सवड नव्हती.

आणि मग गोल रिकामे झाले.

ऋतुराज पहिल्यासारखाच झेपावत राहिला. एकदा प्रतिपक्षाच्या खेळाडूने त्याला हूल दिली आणि तो खेळाडू चेंडू घेऊन एकटाच पुढे निघून गेला. ऋतुराज वळला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि चेंडू निवांत गोलात जाताना पाहत राहिला. वस्तादांकडे बघून त्याने तळहात पसरले. "गोलकीपरच न्हाई तर काय करणार, वस्ताद?" बोलणे बरोबर होते. थोड्या वेळाने त्याचा डावीकडचा जोडीदार फसला. तो जोडीदार दुसऱ्या पेठेचा, ऋतुराजच्या तालमीशी जुनी चुरस असलेल्या तालमीचा. ऋतुराज हाकेच्या अंतरावर होता. तो हलला नाही. वर जोडीदाराला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "तुझा माणूस हुता त्यो."

सन्मतीच्या बाजूलाही गोल झाले. रिकाम्या गोलात ते व्हायचेच. पण शिट्टी झाल्या क्षणापासून त्या मुलाचा खेळ बदलला. तो दोन पावले मागे गेला आणि बोलू लागला. "समीर, आत ये! जा रं, जा तू बॉलवर, मी हाय मागं!" सकाळी पहिल्यांदा भेटलेल्या पोरांची नावे त्याने कधी पाठ केली होती कोण जाणे. हळूहळू त्याच्या आजूबाजूचे तिघेही त्याच्या आवाजावर सरकू लागले. एकदा तिघेही चकले, तेव्हा तो गोलरेषेपर्यंत धावला, चेंडू कसाबसा बाहेर मारला आणि स्वतः जाळ्यात पाय अडकून उताणा पडला. कठड्यावर हशा पिकला. तो उठला, मोजा वर ओढला आणि पुन्हा ओरडू लागला.

चाचणी संपली. खेळाडू पाणी प्यायला गेले. प्रेक्षक गॅलरीच्या पायरीवर वस्ताद बूट सोडत बसले होते. धैर्यशील त्यांच्यापाशी आला. त्याच्या मनातला राग शब्दांत उतरलाच.

"वस्ताद, असली चाचणी कुठं असती का? गोलकीपर न्हाई असा सामना जगात होत न्हाई. ह्यात बचाव काय दिसणार?"

वस्तादांनी दुसऱ्या बुटाची नाडी सोडली.

"धैर्या, मागं कुणीतरी हाय हे ठाऊक असलं की माणूस शूर होतो. चुकलं तर गोलकीपर बघंल, असं त्याच्या मनात कुठंतरी असतंय. म्हणून तो झेप घेतो आणि आपण टाळ्या वाजवतो. मला ती झेप बघायची न्हवती. मागं कुणी न्हाई हे कळल्यावर कोण कसा वागतो, ते बघायचं हुतं. एक जण म्हणाला, आता मी काय करणार. दुसरा दोन पावलं मागं गेला. ऋतुराजला धावणं मी शिकवावं असं काय उरलेलं न्हाई, आणि सन्मतीला मी वर्षभरात धावायला शिकवीन. पण शेजारचा चुकला की आपणहून त्याच्या मागं जायचं, हे ज्याच्यात हाय तोच मी निवडतो. आजवर मी एवढंच बघत आलोय."

धैर्यशील त्यांच्याशेजारी पायरीवर बसला. त्याने डोळ्यांनी पाहिले होते. नाही म्हणायला जागा नव्हती. तरी मनातले अखेर बाहेर पडले. "वस्ताद, मी आबांना शब्द दिलाय."

"ठाऊक हाय. सगळ्या पेठेला ठाऊक, मला कसं नसंल?"

"मग तेव्हाच मला अडवलं का न्हाई?"

वस्ताद हसले. त्या हसण्यात कडवटपणा मुळीच नव्हता.

"तू तो शब्द कुणाच्या भरवशावर दिलास, ते बघ. आबाला हो म्हणताना तुला ठाऊक हुतं, शेवटी वस्ताद हाईत. चुकीचं असंल तर ते न्हाई म्हणतील आणि वाईटपणा त्यांच्या माथी जाईल. तूबी मागं गोलकीपर धरूनच झेप घेतलीस, मर्दा." त्यांनी बूट पिशवीत टाकले आणि चपला चढवल्या. "आज ते दोघं गोलकीपर बाहेर आले, तसा मीबी बाहेर पडतो. नाव तू सांगायचंस. कुणाचंबी सांग, मी बदलणार न्हाई. आणि हे मी रागानं बोलत न्हाई. तुला जमंल म्हणूनच जातोय."

एवढे बोलून ते खरोखरच निघाले. मैदानाच्या कडेने सावकाश चालत, ओळखीच्या माणसांचे नमस्कार घेत फाटकाबाहेर गेले. धैर्यशील त्यांच्या पाठीकडे पाहत राहिला. आपल्याला एकटे टाकले असे त्याला क्षणभर वाटले, आणि लगेच त्याची लाजही वाटली.

त्याने सगळ्यांना मैदानाच्या मध्यावर बोलावले आणि फार लांबण न लावता नाव सांगितले. सन्मती चौगुले. ज्याचे नाव घेतले तो मुलगा आजूबाजूला पाहू लागला, जणू त्या नावाचा आणखी कोणी तिथे असावा. त्याने ज्याला मघाशी हाका मारल्या होत्या त्या समीरने शेवटी त्याच्या पाठीत थाप मारली.

आबा तरातरा आले. मागोमाग ऋतुराज, खाली मान घालून. पेठेची चार माणसे अंतर राखून उभी राहिली. आबांचा चेहरा लाल झाला होता, पण धैर्यशीलजवळ पोचताच त्यांनी स्वतःला सावरले आणि आवाज मऊ केला.

"वस्तादानं मोडता घातला न्हवं? आम्ही काय वळखत न्हाई त्या म्हाताऱ्याला? तुझा काय दोष न्हाई, पोरा. तू तरी काय करणार?"

किती आयती वाट होती ती! नुसती मान हलवायची. पेठ राहिली असती, आबा राहिले असते, चहाच्या गाड्यावरची जागा राहिली असती, आणि वस्तादांचे काहीही बिघडले नसते. त्यांनी असले बोल आयुष्यभर ऐकले होते.

"न्हाई आबा," धैर्यशील म्हणाला. "वस्ताद कवाच घरला गेले. निवड माझी हाय."

आबांना ते पटकन उमगले नाही. "आन् शब्द?"

"शब्द मी चुकीचा दिला. चाचणी व्हायच्या आधी द्यायला नको हुता. तुमची माफी मागतो, पण नाव बदलत न्हाई."

मग तो ऋतुराजकडे वळला आणि जे पाहिले ते त्याला तोंडावर सांगितले. झेपेचे कौतुक आधी केले, मनापासून केले; नंतर कमरेवर हात ठेवून उभा राहिल्याचे सांगितले, आणि जोडीदार फसला तेव्हा न हलल्याचेही. ऋतुराज काहीतरी बोलायला गेला. पण तो दुसऱ्या पेठेचा जोडीदार तिथेच उभा राहून ऐकत होता, आणि ऋतुराजचे शब्द ओठांवरच थांबले. आबांनी मात्र पुतण्याचा दंड धरला आणि धैर्यशीलकडे न पाहता ते चालू लागले.

आबा पुढे बरेच दिवस बोलले नाहीत. चहाच्या गाड्यावर धैर्यशील आला की बाक रिकामा होई. त्याने ते सोसले आणि कोणालाही मधे घातले नाही. संघाचे मात्र उत्तम चालले होते. त्याच्या सरावांत आता एक ठामपणा आला होता, आणि खेळाडूंना तो सर्वांत आधी जाणवला.

निर्णय वरून आला, माझ्या हातात काही नव्हते, असे म्हणायची सोय आपल्यापैकी बहुतेकांना कुठे ना कुठे असते. घरात वडीलधारे असतात, कचेरीत साहेब असतात. ज्या दिवशी ती सोय हाताशी असूनही माणूस तिला हात लावत नाही, त्या दिवशी त्याच्या हाती काही सोपवायला हरकत नसते.

वस्ताद दुसऱ्या दिवशी मैदानावर आले. कोणाचे नाव सांगितले, पेठ काय म्हणाली, यातले काहीच त्यांनी विचारले नाही. थेट कठड्यावर गेले, प्रेक्षकांत जागा करून घेतली आणि शेजारच्याच्या पुड्यातले शेंगदाणे खात बसले. धैर्यशीलने एकदा वर पाहिले. त्यांना खाली या म्हणावे असे त्याच्या मनातही आले नाही. तो वळला, बचावाच्या चौघांना ओळीत उभे केले आणि सराव सुरू केला.