टाकणखाराची लाही

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही. तिथल्या टांकसाळीत नाणी उजळायला तेजाब लागे, आणि त्या तेजाबाचा कस पाहायला एक पारखीण होती.

तिची रीत सोपी होती. टाकणखाराचे खडे तोलून पाण्यात विरघळवायचे आणि त्यात जास्वंदीचा रस घालायचा. पाणी हिरवट होई. मग वाटीतलं तेजाब थेंबथेंब सोडायचं आणि पाणी गुलाबी झालं की हात थांबवायचा. तेजाब कसदार असलं तर एका वाटीत भागे. पाणी मिसळलेलं असलं तर जास्त लागे.

एकदा तिच्या मनात आलं, वैद्य टाकणखाराची लाही करून तो शुद्ध करतात, मग आपणच का मागे राहायचं? तिने तो तव्यावर छान फुलवला आणि नेहमीच्याच वजनाने तोलला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, पण हे तिला सांगणार कोण!

त्या दिवशी म्हाताऱ्या तेजाबवाल्याची बरणी आली. एक वाटी संपली तरी पाणी हिरवंच. दुसरी संपत आली तेव्हा कुठे ते गुलाबी झालं.

"काका, निम्मं पाणी घातलंत?"

"पोरी, थेंबभरसुद्धा नाही गं."

पण रंग सगळ्यांनी पाहिला होता. भेसळ करणाऱ्याने सूर्य मावळायच्या आत राज्य सोडायचं, असा राजाचा कायदा होता. म्हातारा घरी गेला आणि गाडीत सामान भरू लागला.

पण पारखिणीला ते पटेना. ज्याने जन्मभर खोट केली नाही, तो आता म्हातारपणी करेल? गेल्या वर्षी स्वतः पारखून मोहोरबंद केलेली बरणी तिने फोडली आणि तेच तेजाब तपासलं. तेही निम्मं पाणी निघालं!

तेजाब होतं तसंच होतं, बदलला होता तो टाकणखार. भाजताना खड्यांतलं पाणी उडून गेलं होतं, त्यामुळे तेवढ्याच वजनात खार जवळजवळ दुप्पट बसला होता. मग तेजाबही दुप्पट लागणारच.

सांगावं तर मान जाणार, न सांगावं तर म्हातारा देशोधडीला लागणार. उन्हं उतरत होती. ती धावतच दरबारात गेली.

"महाराज, खोट तेजाबात नाही, माझ्या मापात आहे."

राजा संतापला. वेशीपाशी पोचलेली गाडी त्याने परत बोलावली, तिला तव्याची सगळी हकीकत सांगायला लावली आणि म्हाताऱ्याला म्हणाला, "हिला काय शिक्षा द्यायची, ते तुम्हीच सांगा."

"राग तर मलाही आलाय, महाराज," म्हातारा म्हणाला. "पण ही गप्प बसली असती तर तिची चूक ना तुम्हाला कळली असती, ना मला. माझं तेजाब हिनेच तपासावं." मग तो तिच्याकडे वळला. "फक्त तो तवा तेवढा मला दे."

तिने तवा दिला. त्यानंतर कुणाचंही तेजाब तपासण्याआधी ती आपला टाकणखार तपासू लागली.

तात्पर्य: दुसऱ्याची खोट काढण्याआधी आपलं माप तपासावं, आणि ते चुकलं असेल तर उशीर होण्याआधी सांगावं.