अस्वलाचा टोपल्यांचा कारखाना

बांबूच्या एका दाट जंगलात, ओढ्याच्या काठी, एक अस्वल राहत असे. टोपल्या विणण्यात त्याचा हात धरणारे त्या जंगलात कोणी नव्हते. आधी ते एकटेच टोपल्या करी. पुढे मागणी वाढली, तेव्हा त्याने तिघांना कामावर घेतले. माकड बांबू फोडून कामट्या काढी, सुगरण टोपली विणी आणि खार टोपलीचा काठ बांधी. असा तो छोटासा कारखाना सुरू झाला.

एके दिवशी सकाळी धप् धप् पावले वाजली. बघतात तर काय, हत्तींच्या कळपाची प्रमुख हत्तीण दारात उभी! ती म्हणाली, "अस्वलदादा, तळे आटत चालले आहे. आठव्या दिवशी दुपारी आम्ही डोंगरापलीकडच्या नदीकडे निघणार. वाटेत सगळा उघडा माळ. पिल्लांसाठी फळे, कंद बरोबर न्यायला हवेत. साठ टोपल्या मिळतील?"

साठ! एवढे मोठे काम कारखान्याला कधीच मिळाले नव्हते. "मिळतील म्हणजे काय, मिळाल्याच समजा!" असे म्हणून अस्वलाने आनंदाने गिरकीच घेतली.

काम सुरू झाले, आणि गोंधळही. अस्वलाला कुठेच स्वस्थ बसवेना. माकडाने बांबूला हात घातला की ते धावत जाई. "अरे, कामटी अशी नाही, अशी काढ!" म्हणून कोयता हिसकावून घेई. तेवढ्यात खारीकडे वळून ओरडे, "थांब, मला दाखवल्याशिवाय काठ बांधायचा नाही!" मग प्रत्येक जण हातातले काम घेऊन अस्वलासमोर उभा राही. अस्वल बिचारे सगळ्यांपेक्षा जास्त राबत होते, घामाघूम होत होते. पण तिसऱ्या दिवशी दुपारी मोजल्या, तर टोपल्या सातच! त्यांतल्या दोन टोपल्यांचे तर बूडच निसटले.

अस्वलाचा पारा चढला. "तुम्हा तिघांना काही येत नाही!" ते गरजले.

सुगरणीने हातातली कामटी खाली ठेवली. "दादा, माझा जन्म विणण्यात गेला," ती म्हणाली. "आणि टोपलीचे बूड घालायला मी तुमची परवानगी मागायची? तुमचे तुम्हीच विणा!" आणि भुर्रकन उडून ती आपल्या झाडावर जाऊन बसली.

अस्वल रागारागाने जंगलात चालू लागले. पोटात भूक भडकली होती, म्हणून ते थेट एका वारुळापाशी गेले. एका फटक्यात त्याने वारुळाचा कोपरा पाडला. आता मुंग्या चाटणार, तोच त्याचा पंजा हवेत थांबला. वारुळात एकच धावपळ उडाली होती, पण गोंधळ नव्हता! काही मुंग्या अंडी आत नेत होत्या, काही मातीचे कण आणत होत्या, काही ते कण एकमेकांना चिकटवत होत्या. कोणी कोणाची वाट पाहत नव्हते. बघता बघता भिंत वर येऊ लागली. अस्वल खायचेच विसरले!

"अगं मुंगे, तुमची राणी कुठे आहे?" त्याने एका मुंगीला विचारले. "ओरडत कशी नाही ती?"

"राणी आत आहे. तिला तिचे काम आहे," मुंगी माती उचलत म्हणाली. "भिंत बांधणे आमचे काम. ते आम्हाला येते. बाजूला हो पाहू, वाटेत उभा आहेस!"

एवढीशी मुंगी, पण अस्वल खरोखरच बाजूला झाले.

चौथ्या दिवशी सकाळी ते कारखान्यात आले आणि एका दगडावर बसले. पंजे वळवळू नयेत म्हणून त्याने ते चक्क मांडीखाली दाबून धरले! "आज मी फक्त बघणार," ते म्हणाले. माकड आणि खार एकमेकांकडे बघतच राहिले.

आणि काय सांगू मुलांनो, इतक्या वर्षांत जे दिसले नव्हते ते अस्वलाला दुपारपर्यंत दिसले! माकडाच्या कामट्या एक जाड, एक पातळ अशा पडत होत्या. वाळलेल्या कामट्या काठासाठी वाकवताना खारीच्या हातात कडाकड मोडत होत्या. आणि दाखवून घेण्यासाठी तयार माल पडून राहत होता तो कुठे? अस्वलाच्या दगडासमोर!

"माकडा, कामट्या अशा कमीजास्त का रे होतात?" त्याने विचारले.

"किती जाड हव्यात, ते मला कोणी सांगितलेच नाही, दादा," माकड म्हणाले. "तुम्ही नुसते 'अशी नाही' म्हणता."

अस्वलाचा चेहरा पडला. ते तडक सुगरणीच्या झाडाखाली गेले. "ताई, चुकले माझे. परत ये," ते म्हणाले. "तुला काय हवे ते सांग."

सुगरण खालच्या फांदीवर उतरली. मग म्हणाली, "कामट्या एकसारख्या द्या आणि भिजवलेल्या द्या. बाकीचे मी बघते."

मग काय विचारता! माकडाने लाकडाला एक खाच पाडली. खाचेतून जी कामटी नीट सरकेल तीच घ्यायची. खारीने ओढ्याच्या उथळ पाण्यात कामट्या भिजत घातल्या. झालेली टोपली कोणाला दाखवायला न्यायची नाही. ज्याने केली त्यानेच ओढून ताणून तपासायची आणि पुढे द्यायची. आणि एका सपाट खडकावर दर टोपलीमागे एक पांढरा खडा! संध्याकाळपर्यंत खडे दहा झाले. पाचव्या दिवशी बावीस! सहाव्या दिवशी छत्तीस! खार तर प्रत्येक खड्याबरोबर शेपटी उडवून नाचू लागली. सातव्या दिवशी बावन्न!

आठवा दिवस उजाडला आणि खार किंचाळली. भिजत घातलेल्या कामट्यांची मोळी पाण्याबरोबर वाहून गेली होती! आठ टोपल्या बाकी, आणि हत्ती दुपारी निघणार.

अस्वलाने ओरडण्यासाठी मोठ्ठा श्वास घेतला. सगळे अंग चोरून उभे राहिले. पण तो श्वास त्याने तसाच सोडून दिला आणि म्हटले, "आता काय करू या?"

मग माकड पुढे आले. "दादा, हिरवा कोवळा बांबू आणला तर? तो ओलाच असतो, भिजवावाच लागत नाही. मी कधीचा सांगणार होतो, पण..."

"शाब्बास! मी काय करू?" अस्वलाने विचारले.

"तुम्ही बांबू वाहून आणा. पळा!"

आणि मालक पळाला! खांद्यावर बांबू घेऊन अस्वल धावत होते, माकडाचा कोयता सपासप चालत होता, सुगरणीची चोच तर दिसतच नव्हती! पंचावन्न... सत्तावन्न... लांबून हत्तींची चाहूल लागली... एकोणसाठ! खारीने शेवटचा काठ आवळला आणि साठावा खडा खडकावर टाकला, तेव्हा कळप ओढ्यात उतरत होता.

हत्तिणीने एक टोपली सोंडेने ओढून पाहिली. तिने ती दगडावर आपटलीही, पण टोपली जशीच्या तशी! टोपल्या भरल्या, पिल्ले आनंदाने चीत्कारली. निघता निघता ती म्हणाली, "पुढच्या उन्हाळ्यात शंभर लागतील. जमेल का हो, अस्वलदादा?"

अस्वलाचे तोंड उघडले होते, पण उत्तर त्याने दिले नाही. ते मागे वळले आणि त्याने तिघांना विचारले, "काय म्हणता? जमेल आपल्याला?"

तिघेही एकदमच बोलू लागले.

तात्पर्य : सगळी कामे आपल्याच हातात ठेवणारा मालक स्वतःच कामाच्या वाटेत उभा असतो; जो नीट बघतो, मोकळेपणाने विचारतो आणि माणसांवर विश्वास टाकतो, त्याचाच कारखाना मोठा होतो.