उलटी कळी

कापडालाही तोंड होतं तेव्हाची गोष्ट. शिंप्याच्या टेबलावर उरलेल्या कापडाच्या एका तुकड्यावर छोट्या परकराच्या दोन कळ्या, म्हणजे घेरासाठी जोडायच्या पट्ट्या, खडूने आखायच्या होत्या. दोघी कमरेत अरुंद, खाली घेरदार. एक बाजू सरळ, एक तिरकी.

टेपने दोघींचे घेर मोजले आणि मान हलवली. "शेजारी शेजारी या तुकड्यात मावत नाहीत."

"मग करा फडकं!" कात्री म्हणाली.

थोरली कळी घाबरून टेपवर खेकसली, "मेल्या, नुसती कंबर मोज की!"

धाकटी नवी होती. ती हळूच म्हणाली, "जाऊबाई, तुमच्या कमरेशेजारी जागा रिकामीच आहे. मी डोकं खाली करून उभी राहते."

"अगोबाई! नवी सून आणि शीर्षासन?"

धाकटी उलटी झाली. तिरकीला तिरकी टेकली आणि दोघींचा नीट काटकोनी चौकोन झाला.

"एक कंबर, अधिक एक घेर, गुणिले उंची," टेप हरखला. "मावलं!"

"त्यातली निम्मी जागा माझी," धाकटी म्हणाली.

"पण सरळ मी उभी आहे हं!" थोरलीने बजावलं.

परकर शिवून झाला. उलटी कोण होती ते थोरलीला सगळ्यांना दाखवायचंय. पण घेरात धाकटी कुठली, तेच तिला अजून सापडत नाहीये.