गढूळ न दिसणारं पाणी

"मग यांना होतंय तरी काय, बाबा?"

इंदुमतीचा आवाज चढला होता.

तिच्या शेडमध्ये रोज सकाळी मेलेल्या कोंबड्या सापडत. उरलेल्या पिसं पिंजारून कोपऱ्यात बसलेल्या. विष्ठा पातळ, खाल्लेलं अंगी लागेना.

गफूरबाबा टेकडीवरच्या दर्ग्यातले फकीर. कोंबड्या पाळायला ती लहानपणी त्यांच्याकडेच शिकली होती. पण स्वतःची शेड उभी राहिल्यावर तिनं टेकडीकडे पाठ फिरवली. त्यानंतर काल पहिल्यांदा चढून गेली. आज बाबा उतरून आले होते.

"खाद्य?"

"पंचक्रोशीत कुणी देत नसेल असं."

"लस?"

"एकही चुकवली नाही. डॉक्टरांचं औषध चालू आहे. वर मी माझं ताकदीचं टॉनिक देते, गूळ घालून. वर्ष झालं."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, पाणी तपासून घ्या." ती हसली. "बोअरचं पाणी, बाबा. काचेसारखं! त्यात काय तपासायचं?"

बाबा दाराशी बसले.

"घसा कोरडा पडलाय, बेटी. पाणी दे."

"घरातून आणते. उकळून गाळलेलं आहे."

ती वळली. बाबांनी शेजारचं कोंबड्यांचं भांडं ओढलं, ओंजळ भरली आणि तोंडाकडे नेली.

"बाबा!"

तिनं धावत येऊन त्यांच्या हातावर फटका मारला. पाणी सांडलं.

"ते नका पिऊ!"

"का?"

"ते… कोंबड्यांचं आहे."

बाबांनी ओले हात कफनीला पुसले.

"औषध कशातून देतेस त्यांना?"

"पाण्यातून."

बाबांनी भांडं तिच्यापुढे सरकवलं.

इंदुमतीनं भांड्याच्या तळाशी बोट फिरवलं. बोट बुळबुळीत झालं. ती शिडीवरून शेडच्या पाण्याच्या टाकीपाशी चढली. झाकण कधीचं उडालेलं होतं. पाणी वरून नितळ होतं आणि तळाशी काळा गाळ. खाली येऊन तिनं नळीचा जोड काढला. आत शेंबडासारखा थर साचला होता. त्याला आंबलेल्या गुळाचा वास येत होता.

ती जोड हातात घेऊन तिथंच बसली.

"मी त्यांना ताकद देत होते, बाबा…"

"हो."

"आणि माझ्याच हातानं…"

तिचे डोळे भरून आले.

बाबांनी बाह्या वर सारल्या.

"घासणी कुठं ठेवतेस?"

दोघांनी टाकी उपसली. भांडी घासून उन्हात पालथी घातली. नंतर डॉक्टर आले. पाणी तपासायला गेलं आणि त्यात खरोखरच जंतू निघाले. डॉक्टरांनी सांगितलं तशा तिनं नळ्या आतून धुतल्या. पाण्यात जंतुनाशक किती घालायचं, ते मापानं शिकली. गूळ बंद केला.

कोंबड्या मरणं लगेच थांबलं नाही. पहिले काही दिवस ती श्वास रोखूनच दार उघडायची.

मग एका सकाळी शेडमधून कलकल ऐकू आली. आत एकही मेलेली नव्हती. विष्ठा घट्ट झाली होती. कोपऱ्यातल्या कोंबड्या भांड्याभोवती एकमेकींना ढकलत होत्या.

इंदुमती अंडी घेऊन टेकडी चढली.

"डॉक्टर म्हणाले, आतडी सुधारली, आता रोगाशी त्यांच्या त्याच झुंजतील."

बाबांनी मान हलवली.

ती पायरीवर बसली. टेकडीवरून शेडचं छप्पर दिसत होतं.

"एक कळत नाही, बाबा. ज्या गेल्या त्या गेल्या. पण ज्या राहिल्या… असलं पाणी पिऊन इतके दिवस तगल्या कशा?"

बाबांनी त्या छपराकडे पाहिलं.

"रोज सकाळी तू नळ सोडायचीस ना… त्यांना वाटायचं, आज चांगलं येईल."